गांधीजींचं दहा रुपयांचं नाणं पाच लाखांना? घरातली चांदीची नाणी ओळखायची कशी, जपायची कशी, विकायची कशी

"घरात गांधीजींचं दहा रुपयाचं चांदीचं नाणं आहे. मोबाईलवर बघितलं तर पाच लाखाला जातंय म्हणतात. समोरचा आधी साडेबाराशे रुपये रजिस्ट्रेशन मागतोय. भरू का?"

आपल्या एका वाचकाचा हा मेसेज. उत्तर एका शब्दाचं आहे: नाही. पण नुसतं नाही म्हणून भागत नाही. कारण नाणं खरं आहे, त्यात चांदी आहे, त्याला किंमतही आहे. फक्त ती पाच लाख नाही. आणि दुसऱ्या बाजूला, हेच नाणं गावातल्या गावात दोन-तीनशे रुपयांना देऊन मोकळे झालेले लोकही आहेत. दोन्हीकडून नुकसान आपलंच. म्हणून आज जरा सविस्तर सांगतो.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका. नाणं जुनं आहे म्हणून महाग, असं नसतं. नाणं महाग होतं ते कमी शिल्लक असल्यामुळे आणि चांगल्या स्थितीत असल्यामुळे. लाखोंनी पाडलेलं नाणं पन्नास वर्षं जुनं झालं तरी ते लाखोंनीच शिल्लक राहतं.

स्मारक नाणं म्हणजे काय?

एखाद्या व्यक्तीच्या किंवा घटनेच्या आठवणीसाठी सरकार जे नाणं काढतं, ते स्मारक नाणं. स्वतंत्र भारतात असं पहिलं नाणं १९६४ ला निघालं, पंडित नेहरू गेले त्या वर्षी. एक रुपया आणि पन्नास पैसे. पण ते निकेलचं होतं, चांदीचं नाही. घरात नेहरूंचा रुपया असेल आणि कोणी त्याला चांदी म्हणत असेल, तर चुंबक लावून बघा. चिकटेल.

चांदीचं पहिलं स्मारक नाणं आलं १९६९ ला, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीला. त्या वेळी चार नाणी निघाली: वीस पैसे, पन्नास पैसे, एक रुपया आणि दहा रुपये. यातलं फक्त दहा रुपयाचं चांदीचं. वीस पैसे पितळी रंगाचं, आणि पन्नास पैसे व एक रुपया निकेलचे.

आता इथेच पहिली फसगत होते. या नाण्यावर "१८६९–१९४८" असं छापलंय. ही गांधीजींच्या जन्माची आणि मृत्यूची सालं आहेत. नाणं पाडल्याचं साल त्यावर वेगळं दिलेलंच नाही. पण व्हिडिओवाला सांगतो, "हे १८६९ चं नाणं आहे, दीडशे वर्षं जुनं." दुसरा सांगतो १९४८ चं. अहो, १८६९ साली गांधीजी पाळण्यात होते, त्यांचं नाणं कोण काढणार? नेहरूंच्या नाण्यावरही तसंच १८८९–१९६४ आहे.

गांधीजींचं हे नाणं १५ ग्रॅमचं. त्यात चांदी ८० टक्के, म्हणजे शुद्ध चांदी १२ ग्रॅम. बाकीचा मिसळ. हा आकडा लिहून ठेवा, पुढे हिशेबाला लागेल.

मोठं नाणं, चांदी कमी

यानंतर १९७० आणि १९७१ ला पुन्हा दहा रुपयाची चांदीची नाणी निघाली. ती जगाच्या अन्न आणि शेती संघटनेच्या, म्हणजे एफएओच्या मोहिमेची होती: सर्वांना अन्न. वजन तेच १५ ग्रॅम, चांदी तीच ८० टक्के. गांधीजींच्या नाण्यापेक्षा ही कमी पाडली गेली, त्यामुळे कमी दिसतात.

मग आलं १९७२. स्वातंत्र्याला २५ वर्षं झाली. दहा रुपयाचं नवं नाणं निघालं, चांगलं मोठं. हातात झेंडा घेतलेली स्त्री-पुरुषाची जोडी आणि मागे संसद भवन. वजन २२.५ ग्रॅम. हातात घेतलं की गांधीजींच्या नाण्यापेक्षा जड लागतं, म्हणून लोकांना वाटतं यात चांदी जास्त. उलट आहे. यात चांदी फक्त ५० टक्के, म्हणजे ११.२५ ग्रॅम. नाणं दीडपट मोठं आणि चांदी पाऊण ग्रॅमने कमी! चांदी महाग होत गेली तसं सरकारने प्रमाण उतरवलं, बाकी काही नाही.

थोडं थांबून बघा हं. दिल्लीत हे नाणं पंचवीस वर्षांच्या आनंदात निघालं त्या वर्षी आपल्याकडे बहात्तरचा दुष्काळ होता. आपली आजी-आजोबांची पिढी दुष्काळी कामावर खडी फोडत होती, सुकडी खात होती, रेशनवर मिलो ज्वारी घेत होती. पुढच्याच वर्षी, १९७३ ला, जे नाणं निघालं त्याचा संदेश होता: अधिक अन्न पिकवा. त्या वर्षी दहा रुपयाचं आणि शिवाय वीस रुपयाचं, अशी दोन चांदीची नाणी होती. वीसचं ३० ग्रॅमचं, निम्मी चांदी. नाणी जमवणारा माणूस चांदी जमवतो हे खरं, पण असं काही हातात आलं की त्या धातूपेक्षा ते साल जास्त बोलतं.

१९७४ ला पन्नास रुपयाचं नाणं आलं. विषय कुटुंब नियोजनाचा: नियोजित कुटुंब, सर्वांना अन्न. या वेळी दहा रुपयाच्या नाण्यातून मात्र चांदी गेली. पन्नासचं नाणं ३४.७ ग्रॅमचं, निम्मी चांदी, म्हणजे १७.३५ ग्रॅम. पुढे महिला वर्ष, सर्वांना काम, बचत, निवारा असे दरवर्षी एकेक विषय. १९७९ हे आंतरराष्ट्रीय बालवर्ष होतं, त्यानंतर शंभर रुपयाचं नाणं सुरू झालं. ३५ ग्रॅम वजन, ४४ मिलिमीटर रुंदी, निम्मी चांदी. १९८२ ची दिल्लीची आशियाई स्पर्धा, १९८५ चं इंदिरा गांधींचं नाणं, ही सगळी त्याच मापाची.

ही पन्नास-शंभरची नाणी बाजारात फिरण्यासाठी नव्हतीच. टांकसाळ ती डबीत घालून, छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेऊन विकायची, आजही विकते. म्हणून एसटीच्या कंडक्टरने सुट्ट्यात शंभरचं नाणं दिलं, असं कधी होणार नाही.

हीच पद्धत आजही चालू आहे. २८ मे २०२३ ला नव्या संसद भवनाच्या वेळी पंच्याहत्तर रुपयाचं नाणं निघालं, तेही ३५ ग्रॅम आणि ५० टक्के चांदी, बाकी ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. आपल्या जवळचं सांगायचं तर बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंती वर्षात, ६ डिसेंबर २०१५ ला एकशे पंचवीस रुपयाचं नाणं काढलं. आणि ३१ मे २०२५ ला अहिल्यादेवी होळकरांच्या त्रिशताब्दीला तीनशे रुपयाचं. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला हजार वर्षं झाली म्हणून २०१० ला हजार रुपयाचं नाणं काढलं होतं, त्यात चांदी ८० टक्के.

पण सावध. स्मारक नाणं म्हणजे चांदीचंच असं नाही. बाबासाहेबांचा १९९० चा एक रुपया, १९९९ चं शिवाजी महाराजांचं दोन रुपयाचं नाणं, २००७ चं लोकमान्य टिळकांचं पाच रुपयाचं, २०१२ चं वैष्णोदेवीचं पाच आणि दहा रुपयाचं: ही सगळी साध्या धातूची, रोजच्या व्यवहारातली नाणी. आठवण म्हणून जरूर ठेवा. वैष्णोदेवीच्या नाण्याला दहा लाख, वीस पैशाच्या कमळाच्या नाण्यात सोनं, असले व्हिडिओ पुढे पाठवू नका. वीस पैशात सोनं नाही.

राणीछाप, राजाछाप

आपल्याकडे खेड्यात चांदीचं नाणं म्हटलं की गांधीजींच्या आधी राणीछाप आठवतो. हे स्मारक नाणं नव्हे, त्या काळचं चालू चलन. पण घरोघरी तेच जास्त आहे म्हणून थोडं सांगायला हवं.

इंग्रजांनी १८३५ पासून सगळीकडे एकसारखा रुपया काढला. वजन ११.६६ ग्रॅम, चांदी जवळजवळ ९२ टक्के. हे ११.६६ ग्रॅम म्हणजे तेव्हाचा बरोबर एक तोळा. म्हाताऱ्या माणसांना तोळ्याच्या जागी रुपया टाकून वजन करताना तुम्ही पाहिलं असेल. सोनाराचा आजचा तोळा १० ग्रॅमचा, म्हणून रुपया आज तोळ्यापेक्षा जड भरतो. काटा चुकलेला नसतो. शुद्ध चांदी काढली तर एका रुपयात साधारण १०.७ ग्रॅम.

व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावर १८७७ च्या आधी "क्वीन" आणि त्यानंतर "एम्प्रेस" असं इंग्रजीत असतं. त्यानंतर सातवा एडवर्ड, मग पाचवा जॉर्ज. पाचव्या जॉर्जचा १९११ चा रुपया मात्र नीट बघा. राजाच्या झग्यावरच्या साखळीत एक छोटा हत्ती आहे. त्याचा नक्षीदार इतका फसला की तो हत्ती लोकांना डुक्कर वाटला. हिंदू-मुसलमान दोघंही भडकले, सरकारने बहुतेक नाणी परत घेतली आणि १९१२ पासून हत्ती नीट सोंडेचा काढला. १९११ चा रुपया म्हणून इतर राजाछापपेक्षा जास्त किमतीला जातो. सोनाराच्या काट्यावर मात्र तो आणि १९१८ चा रुपया सारखाच.

सहाव्या जॉर्जच्या वेळी दुसरं महायुद्ध सुरू झालं, चांदीची टंचाई आली. १९४० पासून १९४५ पर्यंतच्या रुपयात चांदी निम्म्यावर आणली. आणि १९४७ चा वाघाचा रुपया तर निव्वळ निकेलचा. तो दिसायला पांढराशुभ्र, वजनालाही जुन्या रुपयाइतकाच, म्हणून कित्येक घरांत चांदी समजून देव्हाऱ्यात ठेवलाय. चुंबक लावा, लगेच कळेल. या सगळ्यात १९३९ चा चांदीचा रुपया दुर्मिळ आहे, आणि म्हणूनच त्याची खोटी नाणीही बाजारात आहेत.

आणखी एक. काही घरांत फारसी अक्षरांचा, जाडसर, कडा वेड्यावाकड्या असलेला रुपया असतो. त्याला "मोगली नाणं" म्हणून बाजूला टाकू नका. पेशवाईतल्या आपल्या टांकसाळींतून निघणारे रुपयेही दिल्लीच्या बादशहाच्या नावाने, फारसी अक्षरांतच पाडले जात. अंकुशाची खूण असलेला अंकुशी रुपया, नाशिककडचा चांदवडी रुपया हे त्यातलेच. शिवाजी महाराजांची शिवराई तांब्याची होती आणि होन सोन्याचा, त्यामुळे "महाराजांचा चांदीचा शिक्का" म्हणून जत्रेत जे विकतात ते शोभेचं असतं.

घरच्या घरी कसं तपासायचं?

पहिलं चुंबक. चुंबकाला चिकटलं की चांदी नाही, विषय संपला. पण चिकटलं नाही म्हणून चांदी असंही नाही, कारण तांबं, पितळ, जर्मन सिल्व्हर यांनाही चुंबक लागत नाही. जर्मन सिल्व्हरमध्ये तर नावापुरतीही चांदी नसते. तांबं, निकेल आणि जस्त, बस्स.

दुसरं वजन. किराणा दुकानाचा काटा नको, सोनाराच्या काट्यावर करा. राणीछाप ११.६६, गांधीजींचं १५, १९७२ चं २२.५, शंभरचं ३५ ग्रॅम. वापरून झिजलेलं नाणं थोडं कमी भरेल, ते चालतं. जास्त भरलं किंवा ग्रॅम-दीड ग्रॅमने कमी भरलं तर शंका घ्या.

तिसरं आवाज. जुनी माणसं रुपया फरशीवर वाजवून घ्यायची. खणखणीत नाणं हा शब्दच तिथून आला. चांदीचा आवाज लांब घुमतो, खोटा रुपया थप्प करतो. पण मी म्हणेन फरशीवर टाकू नका, कडेला मार लागतो. बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हळूच वाजवा.

चौथं, कडा आणि अक्षरं भिंगातून बघा. मोबाईलचा कॅमेरा मोठा करूनही चालेल. ओतीव खोट्या नाण्याची अक्षरं बोथट असतात, पृष्ठभागावर बारीक खड्डे दिसतात, आणि कडेला जोडाची रेघ असते. तरीही खात्री होत नसेल तर तालुक्याला मोठ्या सराफाकडे मशीनवर टंच काढून मिळतो, नाण्याला ओरखडा न पाडता. कानस मारून किंवा कसोटीवर घासून टंच काढू देऊ नका.

दिवाळीत सराफाकडून घेतलेलं लक्ष्मी-गणपतीचं चांदीचं नाणं वेगळं. ती चांदीच आहे, बहुधा जास्त शुद्ध, पण ते सरकारी नाणं नव्हे. त्याला चांदीचाच भाव. हल्ली राणीछापाच्या नकलाही नव्या चांदीत पाडतात. चांदी खरी, रुपया खोटा.

ताटातलं नाणं घासू नका

आता सगळ्यात जास्त नुकसान कुठे होतं ते सांगतो. दिवाळीत. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आजी, आई सगळी नाणी काढते आणि राखेने, चिंचेने, रांगोळीने किंवा भांड्यांच्या पावडरीने घासून लख्ख करते. भाव मनापासूनचा असतो, पण प्रत्येक घासणीत नाण्याचा वरचा पापुद्रा जातो. राणीच्या केसांची रेघ, मुकुटावरचं नक्षीकाम पुसट होतं. नाणी जमवणारा माणूस घासलेलं नाणं एका नजरेत ओळखतो आणि भाव पाडतो. त्याला काळपट, डागाळलेलं पण न घासलेलं नाणं जास्त आवडतं. नवा आंबा आणि पुसून चमकवलेला आंबा यातला फरक बागाईतदाराला कळतो, तसंच आहे हे.

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे. खराब होत नाही. फार मळ असेल तर साध्या स्वच्छ पाण्यात बुडवून मऊ सुती कापडाने टिपा, चोळू नका. पूजा करायची तर नाणं छोट्या वाटीत ठेवून हळद-कुंकू वाटीबाहेर वाहा. देवीला चालतं.

ठेवताना रबर बांधू नका, रबरातही गंधक असतं. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत नको, ते कालांतराने चिकट हिरवट होतं. प्रत्येक नाणं वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा आणि सगळी पाकिटं कोरड्या डब्यात. हाताळताना कडेने धरा. सरकारी डबीत आलेलं नाणं असेल तर डबी आणि आतला कागद टाकू नका, त्याचेही पैसे आहेत. कडी लावून गळ्यात घातलेलं, भोक पाडलेलं नाणं संग्राहकाच्या उपयोगाचं नाही, ते चांदीच्या भावानेच जाईल. पण आजीच्या गळ्यातलं असेल तर विकायचं कशाला?

किंमत काढायची कशी?

खालची किंमत तुम्ही स्वतः काढू शकता. त्या दिवशीचा चांदीचा किलोचा भाव घ्या, हजाराने भागा, आणि नाण्यातल्या शुद्ध चांदीच्या ग्रॅमने गुणा. हिशेब सोपा जावा म्हणून समजा किलोला एक लाख रुपये भाव आहे. म्हणजे ग्रॅमला शंभर. गांधीजींच्या नाण्यात १२ ग्रॅम, म्हणजे बाराशे रुपये. १९७२ च्या नाण्यात ११.२५ ग्रॅम, सव्वा अकराशे. राणीछापात १०.७ ग्रॅम, एक हजार सत्तर. १९४० नंतरच्या रुपयात ५.८ ग्रॅम, पाचशे ऐंशीच्या आसपास. शंभरच्या नाण्यात १७.५ ग्रॅम, साडेसतराशे. भाव दुप्पट असेल तर हे सगळे आकडे दुप्पट.

ही जमीन झाली. याच्या खाली कोणी मागत असेल तर तो तुम्हाला फसवतोय, किंवा घट-कटाच्या नावाखाली जास्त कापतोय. याच्या वर किती, ते स्थितीवर आणि सालावर. गांधीजींचं आणि १९७२ चं नाणं फार मोठ्या संख्येने पाडलेलं, त्यामुळे साधारण वापरलेल्या नाण्याला चांदीच्या किमतीवर थोडंच जास्त मिळतं. अजिबात न वापरलेलं, किंवा टांकसाळीने खास आरशासारखं चमकवून डबीत दिलेलं ज्याला "प्रूफ" म्हणतात, ते असेल तर गोष्ट वेगळी. तसंच कोणत्या टांकसाळीचं यावरही फरक पडतो. सालाखाली चौकटीतला छोटा हिरा असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता.

फसवणूक कशी होते

हे पायरी-पायरीने वाचा. व्हिडिओ दिसतो, खाली व्हॉट्सॲप नंबर असतो. तुम्ही नाण्याचा फोटो पाठवता. पाच मिनिटांत उत्तर: "अभिनंदन, तुमचं नाणं दुर्मिळ आहे, कंपनी आठ लाखाला घेते." मग रिझर्व्ह बँकेचा शिक्का असलेलं पत्र येतं. मग रजिस्ट्रेशनचे हजार-बाराशे. ते भरले की जीएसटी. मग एनओसी. मग इन्कम टॅक्स. मग "गाडी पैसे घेऊन निघाली, टोलवर अडवली". प्रत्येक वेळी रक्कम वाढते, कारण भरलेले पैसे बुडतील या भीतीने माणूस पुढचे भरतो. शेवटी फोन बंद.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर सांगितलंय की ती अशा नाण्यांच्या खरेदी-विक्रीत पडत नाही, कुणाला तसा अधिकार दिलेला नाही आणि कसलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही. त्यामुळे बँकेचा शिक्का दिसला की ते पत्र खोटंच. आणि लक्षात ठेवा, पैसे घ्यायला क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत.

फसलात तर लाज धरून गप्प बसू नका. लगेच १९३० ला फोन करा. पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर पैसे पुढे वळवण्याआधी खातं गोठवता येण्याची शक्यता असते. व्हॉट्सॲपवरचं बोलणं, पावत्या काही पुसू नका.

यातलाच जुना प्रकार म्हणजे तांदूळ ओढणारं नाणं. रात्री अंधारात दाखवतात, तांदळाचे दाणे नाण्याकडे सरकतात, इरिडियम आहे, परदेशात कोटींना जातं. तांदळाला लोखंडाचा कीस लावून चुंबक वापरलेलं असतं. आणि राम-सीता-हनुमानाचं, मागे ईस्ट इंडिया कंपनी आणि १८१८ साल असलेलं नाणं. कंपनी सरकारने असं नाणं कधी पाडलंच नाही. ती देवस्थानी विकली जाणारी टोकनं आहेत. पूजेत ठेवा, जमीन विकून घेऊ नका.

विकायचं असेल तर

एकाच ठिकाणी जाऊ नका. गावच्या सोनाराला विचारा, तालुक्याच्या सराफाला विचारा, आणि पाच-दहा नाणी चांगली असतील तर पुण्या-मुंबईत भरणाऱ्या नाण्यांच्या प्रदर्शनात घेऊन जा. तिथे एका छपराखाली पंधरा-वीस व्यापारी असतात, तासाभरात बाजारभाव कळतो. खरा घेणारा नाणं हातात घेऊन बघतो आणि तुम्हाला पैसे देतो. तुमच्याकडून आधी पैसे मागत नाही. हा एक फरक पक्का धरला तरी पुरे.

भारत सरकारचं नाणं वितळवणं २०११ च्या नाणे कायद्याने गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि या कायद्याने स्मारक नाणंही नाणंच. सोनार म्हणाला "वितळवून पैंजण करून देतो", तर गांधीजींच्या नाण्याचे करू नका. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं पुरावस्तू ठरतं, ते परदेशात पाठवता येत नाही. नातेवाईक दुबईला किंवा अमेरिकेला निघालाय म्हणून त्याच्या बॅगेत टाकू नका.

आणि शेतात, पाया खोदताना, जेसीबीच्या बकेटमध्ये नाण्यांचं गाडगं निघालं तर? असं आपल्याकडे अधूनमधून होतं, आणि मग चालक, मालक, बघे सगळे पसार होतात. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते आणि तुमचा हिस्साही जातो. लोकांना हे अर्धंच माहीत असतं, म्हणून घाबरतात. उरलेलं अर्धं असं: कळवलं, दुसरा कोणी हक्कदार निघाला नाही आणि सरकारने ते घेतलं नाही, तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जागेच्या मालकाला एक चतुर्थांश, अशी वाटणी त्या कायद्यातच आहे. सरकारने ठेवून घेतलं तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जास्त देऊन घ्यावं लागतं. रात्री मागच्या दाराने सोनाराला अर्ध्या भावात देण्यापेक्षा हे बरं की नाही, तुम्हीच ठरवा.

नव्याने जमवायला लागायचं असेल, विशेषतः शाळकरी मुलांना नाद लावायचा असेल, तर चांदीपासून सुरुवात नको. रोजच्या सुट्ट्यात येणारी एक, दोन, पाच, दहाची स्मारक नाणी बाजूला काढायला लावा. ती छापील किमतीलाच मिळतात. प्रत्येकाच्या खाली एका कागदावर लिहायचं: कोणाचं, कोणत्या साली, का काढलं, कुठल्या टांकसाळीचं. चांदीचं नाणं घ्यायचंच झालं तर सरकारी टांकसाळीच्या अधिकृत वेबसाईटवर नोंदणी करून घ्या. पोराला एकदा नाशिक-त्र्यंबकेश्वर रस्त्यावर अंजनेरीचं नाण्यांचं संग्रहालय दाखवा, किंवा मुंबईला गेलात तर फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं.

आणि ज्या वाचकाने मेसेज केला होता, त्यांनी पैसे भरले नाहीत. नाण्याचा फोटो आम्हाला पाठवला. गांधीजींचंच आहे, चांगल्या स्थितीत, फक्त दरवर्षीच्या दिवाळीने गाल थोडे गुळगुळीत झालेत. वजन करून घ्या म्हणून सांगितलंय. सोमवारी बाजाराच्या दिवशी ते सराफाकडे जाणार आहेत.